अठरा तासांचा धाक



गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांमध्ये एका भगिनीचे पत्र आहे. त्या चार घरी धुणीभांडी करतात, यजमान कंत्राटी कामगार आहेत. थोरली मुलगी बी.ए. झाली. दिवसभर ती एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर उभी असते आणि रात्री वकिलीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी जी प्रवेश परीक्षा असते, जिला मुले सीईटी म्हणतात, तिची तयारी करते. दिवाळीनंतर मोठ्या उमेदीने सुरुवात झाली होती. भिंतीवर वेळापत्रक लागले, रंगीत पेनाने तास आखले गेले. आज वेळापत्रक भिंतीवरच आहे, पण मुलगी पुस्तक उघडून बसते आणि अर्धा अर्धा तास पान उलटत नाही. त्या भगिनी लिहितात, "आम्ही तिला सगळ्या परीने सांगून पाहिले. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, तुला दोन तास होत नाहीत का, असेही बोललो. त्यावर ती रडली. आता काय सांगावे?"

ताई, ते वाक्य तेवढे पुन्हा बोलू नका. एवढेच उत्तर देऊन आम्ही थांबलो असतो, परंतु हे वाक्य आपल्या घराघरांत बोलले जाते. पोराचे गुण जरा घसरले की आपले बोट भिंतीवरच्या फोटोकडे जाते. तो फोटो आपण लावला बळ यावे म्हणून. त्याच्याकडे पाहायची मुलांना भीती वाटू लागली तर त्यात मुलांचे काय चुकले?

अठरा तास आपण सांगतो, पण ते तास त्या घरात आले कुठून हे सांगायचे राहून जाते. रामजी सुभेदार परळच्या चाळीत एका खोलीत राहत होते. तिथेच चूल, तिथेच सामान, तिथेच धूर. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी आणि रॉकेलचा मिणमिणता दिवा, असे त्या अभ्यासाचे वर्णन चरित्रात येते. सर्वांनी एकदम निजावे एवढी जागा नव्हती. म्हणून सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, दोन वाजता त्याला उठवीत आणि मग आपण निजत. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात, उसने आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकीत. बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाची कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण होऊन विचारपूस केली, पुस्तके दिली आणि पुढे बडोद्याच्या महाराजांपर्यंत नेले. 1907 साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या मागे जागणारा बाप होता, दागिना काढून देणाऱ्या बहिणी होत्या आणि एक परका गुरुजी होता. मुलाला अठरा तासांचा हिशेब विचारण्याआधी घराने आपले रात्री दोन वाजेपर्यंतचे जागरण मोजावे, असे आम्हाला वाटते.

दुसरी गोष्ट खास वकिलीचीच आहे. बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले ते 1916 साली. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परत यावे लागले. त्यांची पुस्तके ज्या बोटीने येत होती ती बोटच बुडाली. मग बडोद्याच्या नोकरीतला अपमान, मुंबईत शिकवण्या, 1918 ते 1920 सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पै-पैची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य, मित्र नवल भथेना यांचे कर्ज. 1920 साली पुन्हा लंडन गाठले आणि 1922 साली ते बॅरिस्टर झाले. मधली तीन वर्षे तिकडचा अभ्यास बंद आणि इकडे संसार चालू, अशीच गेली. तेव्हा तुमच्या मुलीचे तीन आठवडे वाया गेले असतील तर त्याचा एवढा घोर करू नका.

आता परीक्षेकडे वळू. आपल्या राज्यात 2016 सालापासून विधी महाविद्यालयांचे प्रवेश या सीईटीवर होतात. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, अशा दोन वेगळ्या परीक्षा असतात. पूर्वी 150 प्रश्न असत. 2025 च्या परीक्षेपासून ते 120 झाले, वेळ दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. परीक्षा संगणकावर, प्रश्न मराठीतही असतात, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. नियम बदलू शकतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

वेळापत्रक कोलमडते कुठे? पहिला महिना उत्साहात जातो. दुसऱ्यात शरीर थकते. तिसऱ्यात सराव परीक्षेचे गुण समोर येतात आणि मन खचते. त्यात परीक्षेची तारीख दरवर्षी वेगळी. 2024 साली तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा मार्चमध्ये झाली, 2025 साली मे महिन्यात, आणि 2020 साली कोरोनामुळे ती नोव्हेंबरपर्यंत लांबली. शर्यतीत पळणाऱ्याला दोरी किती लांब आहे हेच माहीत नसले तर तो दमणारच. म्हणून आमचे म्हणणे असे की तारखेकडे बघून अभ्यास करू नये, आठवड्याकडे बघून करावा. सोमवार ते शनिवार रोज दोन तास, रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा आणि नंतर मोकळीक. महिन्याला पन्नास तास होतात, चार महिन्यांत दोनशे. आपल्याकडे जयंतीच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. एकत्र बसण्याची गोडी लागते म्हणून ते चांगलेच आहेत, पण हिशेबाने पाहिले तर ते अठरा तास म्हणजे या मुलीचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी ती बसते की नाही यावर सगळे आहे.

नऊ-दहा तास उभे राहून आलेल्या मुलीने रात्री दहाला तर्कशक्तीची कोडी सोडवावीत ही अपेक्षा आम्हाला पटत नाही. डोक्याचे काम पहाटे, नळाला पाणी येण्याआधी करावे. रात्री वर्तमानपत्र, चालू घडामोडी, इंग्रजीचे दहा शब्द एवढेच. आणि वेळापत्रकात "अभ्यास : 8 ते 10" असे लिहू नये. "तर्कशक्तीचे वीस प्रश्न, चुकलेले वहीत" असे लिहावे. तास भरला की नाही हे मनाला कळत नाही, वीस प्रश्न झाले की नाही हे कळते. ज्या दिवशी मन अजिबात लागत नाही त्या दिवशी वीसऐवजी पाचच करावेत, पण करावेत.

सराव परीक्षेचे गुण घरात जाहीर करू नयेत, आणि घरानेही विचारू नयेत. 120 पैकी 50 आले की मूल खचते, कारण आपण शाळेच्या टक्क्यांनी मोजतो. तिने चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही घालावी आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे. माहीतच नव्हते, की घाई झाली, की तिथपर्यंत पोहोचलेच नाही? महिन्याभरात तिला दिसेल की बऱ्याच चुका घाईच्या आणि न पोहोचल्याच्या आहेत. त्या सरावाने जातात, त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. गुण कापले जात नसल्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यायचेच, ही सवयही सरावातच लागते. आणि चार-पाच सराव परीक्षा तरी मोबाईलवर न देता सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या संगणकावर द्याव्यात. माऊस हातात धरायची सवय नसलेली मुले पहिली दहा मिनिटे तिथेच घालवतात.

आणखी एक गोष्ट आहे, जिने मुलांचा उत्साह मोडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे पुस्तके वापरलेली घेतली जातात. गेल्या वर्षीच्या मुलाने दिली, रद्दीतून आणली. इंग्रजी, गणित आणि तर्कशक्तीची जुनी पुस्तके खुशाल वापरा. पण कायद्याचे गाइड आणि सामान्य ज्ञानाचे पुस्तक जुने चालणार नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खुनाच्या शिक्षेचे 302 कलम आता 103 आहे. ज्याला आपण सगळे "चारशेवीस" म्हणतो त्याचे फसवणुकीचे कलमसुद्धा आता 318 झाले, जिभेवर मात्र चारशेवीसच राहणार. दोन महिने पाठ केलेले चुकीचे होते हे ज्या मुलीला सराव परीक्षेत कळते, तिचे मन त्या दिवशी उडते. दोनच पुस्तके नवी घ्यायची ऐपत असेल तर ही दोन घ्यावीत.

इंग्रजीची धास्ती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. तीन वर्षांच्या परीक्षेत 120 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे, म्हणजे तिसरा हिस्सा, आणि ते मराठीतून येत नाहीत. पाच वर्षांच्या परीक्षेत ते 24 आहेत. मराठी माध्यमाच्या मुलांना आमचा उपाय साधा आहे. संविधानाची मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत शेजारी शेजारी ठेवावी. उद्देशिका मराठीत बहुतेकांना पाठ असते. तीच इंग्रजीत मोठ्याने वाचावी, मग अनुच्छेद 14, 15, 17, 21, 22. शब्द अवघड आहेत, पण अर्थ आधीच ठाऊक असल्याने भीती कमी होते आणि कायद्याचा भाग आपोआप तयार होतो. त्याच्या जोडीला रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद. संपूर्ण अग्रलेख वाचायचा हट्ट पहिल्या महिन्यात करू नये.

वाचलेले कुणाला तरी सांगावे लागते, नाहीतर ते टिकत नाही. इथे आईचा उपयोग आहे. ताई, तुम्ही भाकऱ्या थापताना तिला समोर बसवा आणि विचारा, आज काय वाचलेस? ती सांगेल की अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. तुम्ही विचाराल, मग आपल्या वस्तीतल्या त्या पोराला दोन दिवस चौकीत कसे ठेवले होते? हा प्रश्न कुठल्याही गाइडात नाही, पण त्याचे उत्तर शोधायला ती रात्री पुस्तक उघडेल. ती सांगेल की अनुच्छेद 39क मध्ये मोफत कायदेशीर मदतीची तरतूद आहे आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना, उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. तुम्हाला हे माहीत होते का? आपल्या कितीतरी भगिनी नवऱ्याविरुद्धच्या पोटगीच्या दाव्यासाठी मंगळसूत्र विकून वकिलाची फी भरतात. ज्या दिवशी मुलीला कळते की आपण वाचतो त्याचा शेजारच्या मावशीला उपयोग आहे, त्या दिवशी तिला ढकलावे लागत नाही. पुस्तकातला कायदा आणि दारातले भांडण एकच आहे हे आपल्या मुलांना जेवढे लवकर कळते तेवढे बंगल्यातल्या मुलांना कळत नाही, आणि याबाबतीत आपली मुले पुढे आहेत असे आम्ही मानतो.

आता घरातल्या इतरांकडे. मुलगी कामावरून येते आणि भांडी घासून मग अभ्यासाला बसते, मुलगा मात्र जेवून थेट बसतो, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. बहिणीची परीक्षा असेल तर चार महिने भांडी भावाने घासावीत. एवढ्याने त्याचे हात झिजत नाहीत. टीव्ही एका खोलीतच असतो, तो बंद होणार नाही हे आम्हालाही कळते, पण रात्री नऊ ते दहा आवाज बंद ठेवता येतो. नातेवाईक येतात आणि विचारतात, अजून किती शिकणार, लग्नाचे काय? त्याला उत्तर मुलीने देऊ नये, बापाने द्यावे, आणि मुलीच्या देखत द्यावे.

बापाचे दुसरे काम कागदांचे. मूल अभ्यास करते आणि तहसीलच्या रांगेतही तेच उभे राहते, हे बरोबर नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आणि सगळ्यांत वेळखाऊ म्हणजे जात पडताळणीचे प्रमाणपत्र. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या नोंदी. त्यासाठी गावी दोन-तीन खेपा होतात. हे काम सीईटीच्या अर्जाआधीच सुरू करावे. परीक्षेत चांगले गुण मिळवून कागदासाठी अडून बसलेले मूल पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही. शिष्यवृत्तीसाठीही हेच कागद लागतात.

एक शब्द जयंती मंडळांसाठी. 2025 साली पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा एप्रिलच्या शेवटी होती आणि तीन वर्षांची मेच्या सुरुवातीला. म्हणजे ऐन उजळणीच्या पंधरवड्यात 14 एप्रिल. मुलांनी मिरवणुकीत जाऊ नये असे आम्ही कसे म्हणू? एक दिवस जावे, मनसोक्त नाचावे. पण आठवडाभर आधीपासून वस्तीत जे ध्वनिक्षेपक लागतात, त्यांना रात्री दहाला बंद करावे. रात्री दहा ते सकाळी सहा हा नियम 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला आहे, आणि परीक्षेत तो प्रश्न म्हणून येण्यासारखाही आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आपल्या गल्लीत कोण कोण परीक्षेला बसले आहे याची यादी करावी. देणगीची यादी करता तशीच.

काही मुले क्लॅटची गोष्ट करतात. ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी विद्यापीठे आहेत. गेली काही वर्षे ती डिसेंबरमध्ये होते, केवळ इंग्रजीतून, मोठे उतारे वाचून, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. अर्जाची फी अनुसूचित जातीच्या मुलांनाही साडेतीन हजार रुपये पडली आहे. बारावीतल्या हुशार मुलांनी ती जरूर द्यावी. परंतु डिसेंबरमध्ये तिथे जमले नाही म्हणून एप्रिल-मेची सीईटी सोडून देऊ नये. दोन्हींच्या अभ्यासात बराच भाग सारखा आहे आणि केलेले वाया जात नाही. जिल्ह्याच्या न्यायालयात आज उभे असलेले आपले बहुतेक वकील साध्या विधी महाविद्यालयांतूनच आले आहेत.

आणि यंदा नाही जमले तर? पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते. वकिलीच्या प्रवेशाला वयाची अट घातली गेली होती तिला सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्थगिती दिली आणि तेव्हापासून तिशी-चाळिशीतली नोकरदार माणसेही या वर्गात बसत आहेत. पदवीला अनुसूचित जातीसाठी 40 टक्के गुण पुरतात. आपल्या वाचकांत कुणी बसवाहक, कुणी परिचारिका, कुणी सफाई खात्यातले कर्मचारी असतील, ज्यांच्या मनात हे कधीकाळी होते. मुलाबरोबर बापानेही अर्ज भरला तर घरात अभ्यासाला जोडीदार मिळेल. हे आम्ही थट्टेने लिहीत नाही.

जोडीदार मिळणे फार महत्त्वाचे आहे. ताईंच्या मुलीचे मन लागत नाही यामागे आळस नसावा, एकटेपण असावे असा आमचा कयास आहे. तिच्या दुकानात, तिच्या गल्लीत दुसरे कुणी ही परीक्षा देत नसेल. दोन मुलींनी आठवड्यातून एकदा जरी एकत्र बसून एकमेकींच्या चुकांच्या वह्या पाहिल्या तरी फरक पडतो. विहारात वंदना झाल्यावर खोली रिकामी असते, वीज असते, सतरंजी असते. रविवारी सकाळी तीन तास ती उघडी ठेवायला किल्ली कुणाकडे आहे एवढाच प्रश्न असतो.

ज्या विहारात किंवा समाजमंदिरात अशी अभ्यासिका चालते, तिथल्या कार्यकर्त्यांनी ठिकाण, वेळ आणि मुलींची बसण्याची वेगळी सोय आहे काय, हे पोस्टकार्डावर किंवा फोनवर कार्यालयाला कळवावे. वस्तीवार यादी पुढील अंकापासून याच पानावर देऊ. ताईंनी आपल्या गावाचे नाव पत्रात लिहिलेले नाही, तेही कळवावे.